छतावरील सौरसंच : परवानगीचे कागद आणि अग्निसुरक्षा

पिंपरी, चिंचवड, निगडी, काळेवाडी, भोसरी, मोशी आणि तेथून पुढे थेट चाकणपर्यंतच्या पट्ट्यात छतांचे रूप गेल्या काही वर्षांत पालटले आहे. चिखली येथील टाटा मोटर्सच्या कार कारखान्यात जून २०२१ मध्ये वाहनतळावर ६.२ मेगावॅट क्षमतेचे सौर छत कार्यान्वित झाले, तेव्हा त्याची बातमी झाली. आज म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी परिसरातील लहान कारखानदाराच्या पत्र्यावर किंवा प्राधिकरणातील बंगल्याच्या गच्चीवर पॅनेल बसले, तर कोणी मान वर करूनही पाहत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर मोफत वीज योजना’ सुरू झाल्यापासून मध्यमवर्गीय कुटुंबांचाही ओढा वाढला आहे. ख्रिस्तसभेलाही ही गोष्ट नवी नाही. व्हॅटिकनमधील पोप सहावे पॉल सभागृहाच्या छतावर २००८ सालीच सुमारे २,४०० पॅनेल बसविण्यात आले होते. आपल्या धर्मग्रामांतील शाळा, सभागृहे आणि धर्मभगिनींचे मठ यांच्या छतांविषयीही अशीच चर्चा आता होऊ लागली आहे.

या चर्चेत वीजबिल, अनुदान आणि ठेकेदाराचा भाव यांवर पुष्कळ बोलले जाते. आगीविषयी मात्र क्वचितच बोलणे होते. महावितरणने नेट मीटर बसवून दिला म्हणजे सर्व तपासण्या झाल्या, सर्व परवानग्या मिळाल्या, असा समज सर्वत्र आढळतो. हा समज बरोबर नाही. महावितरण पाहते ते मुख्यतः स्वतःच्या वीजजाळ्याच्या दृष्टीने. नकाशा मंजूर करणारे कार्यालय बांधकाम पाहते, तर अग्निशमन दल इमारतीच्या मंजूर अग्निसुरक्षा व्यवस्थेकडे पाहते. पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या ज्या तारांत आगीचा खरा धोका असतो, त्या तारांकडे बारकाईने पाहण्याची जबाबदारी या सर्वांमधून निसटते आणि अखेर मालकावर येऊन पडते. वाचकांना ती नीट पार पाडता यावी, म्हणून ही माहिती आम्ही येथे देत आहोत.

सूर्य असेपर्यंत बंद न होणारी वीज

घरातील वीज बंद करायची असेल तर आपण मेन स्विच खाली करतो आणि सर्व तारा निर्जीव होतात. सौरसंचाचे तसे नसते. वीजपुरवठा खंडित झाला की इन्व्हर्टर आपोआप थांबतो. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या छतावरून आलेल्या विजेचा धक्का बसू नये, यासाठी ही सोय सक्तीची आहे. इन्व्हर्टर थांबला, दिवे गेले, मीटर स्तब्ध झाला, की संचही बंद झाला असे पाहणाऱ्याला वाटते. वस्तुतः पॅनेलवर ऊन पडत असते, तोवर पॅनेलपासून इन्व्हर्टरच्या स्विचपर्यंतच्या तारांत पूर्ण दाब कायम असतो. सूर्याला मेन स्विच नाही.

हा दाब किती असतो? आजच्या मोठ्या आकाराच्या एका पॅनेलचा दाब साधारण ४० ते ५० व्होल्ट असतो. पॅनेल एकामागोमाग एक साखळीत जोडले की त्यांच्या दाबांची बेरीज होते. बंगल्यावरील सहा पॅनेलांच्या, म्हणजे सुमारे तीन किलोवॅटच्या संचात ती २५० ते ३०० व्होल्टच्या घरात जाते. कारखान्याच्या पत्र्यावर वीस पॅनेलांची एक साखळी असेल, तर १,००० व्होल्ट गाठले जातात. घरगुती वीज २३० व्होल्टची असते, हे ध्यानात घेतले म्हणजे फरक कळेल.

त्यात ही वीज एकाच दिशेने वाहणारी, म्हणजे डीसी प्रकारची असते. घरातील एसी प्रवाह दर सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे सैल जोडणीत ठिणगी पडली तरी ती विझण्याची संधी वारंवार मिळते. डीसी प्रवाह शून्यावर येतच नाही. जोडणीत केसाएवढी फट पडली की तेथे ठिणगीची अखंड ज्योत पेटू शकते आणि प्लास्टिक, रबर, वाळलेला पाला, कबुतराचे घरटे, जे जवळ असेल ते ती पेटविते. साधा एमसीबी अशा वेळी उपयोगी पडेलच असे नाही. एक तर तो डीसीसाठी बनविलेला नसतो. शिवाय सौर पॅनेलमधून येणारा प्रवाह शॉर्टसर्किट झाले तरी नेहमीपेक्षा फारसा वाढत नाही, त्यामुळे फ्यूज उडण्याइतका प्रवाह वाहतच नाही आणि ज्योत मात्र जळत राहते.

दूरदेशीच्या दोन आगी

या धोक्याचे सर्वाधिक अभ्यासले गेलेले उदाहरण अमेरिकेतील आहे. कॅलिफोर्नियातील बेकर्सफील्ड येथे ५ एप्रिल २००९ रोजी टार्गेट या दुकानाच्या छतावरील ३८३ किलोवॅटच्या संचाला आग लागली. तपासात असे आढळले की, एका तारेचे आवरण आधीच कुठेतरी खराब होऊन ती धातूच्या नळीला टेकलेली होती. या पहिल्या दोषातून वाहणारा प्रवाह इतका अल्प होता की संरक्षक फ्यूजने त्याची दखल घेतली नाही. संच नेहमीप्रमाणे चालत राहिला आणि वीज देत राहिला. पुढे दुसऱ्या एका जाड तारेत दोष निर्माण झाला. तेव्हा फ्यूज उडाला खरा, पण पहिल्या दोषाने प्रवाहाला पर्यायी वाट आधीच करून ठेवली होती. त्या वाटेने शेकडो अँपिअरचा प्रवाह वाहू लागला आणि आग भडकली. संच व्यवस्थित वीज देतो आहे, म्हणजे तो सुरक्षित आहे, हा आपल्याकडील ठेकेदारांचा आवडता युक्तिवाद ऐकताना ही घटना आठवावी. इन्सुलेशनची चाचणी का करून घ्यायची, याचे उत्तर तिच्यातच आहे.

दुसरी घटना १ सप्टेंबर २०१३ ची, न्यू जर्सी राज्यातील डेलँको येथील. तेथे एका शीतगोदामाच्या छतावर सात हजारांहून अधिक पॅनेल होते. ती आग पॅनेलांनी लावली, असे सिद्ध झालेले नाही. परंतु छतावर चढून धुरासाठी वाट मोकळी करणे जवानांना शक्य झाले नाही, कारण छत पॅनेलांनी झाकले होते आणि त्यांतील वीज बंद करता येत नव्हती. गोदाम भस्मसात झाले. आगीचे कारण पॅनेल असो वा नसो, ती विझविण्याच्या कामात पॅनेल आडवे येतात, हे या घटनेने दाखविले. अमेरिकेच्या विद्युत संहितेत २०१४ च्या आवृत्तीपासून इमारतीवरील संचाचा दाब आणीबाणीत झटपट उतरविण्याची सोय आवश्यक करण्यात आली.

आपल्या परिसराला आग अपरिचित नाही. ३० ऑगस्ट २०२३ रोजी पहाटे चिंचवडच्या पूर्णानगरात दुकानाला आग लागून आत झोपलेल्या एकाच कुटुंबातील चौघांचा अंत झाला. त्याच वर्षी ८ डिसेंबरला तळवडे येथे वाढदिवसाच्या फुलबाज्या-मेणबत्त्या बनविणाऱ्या शेडमध्ये स्फोट होऊन सहा कामगार त्याच दिवशी दगावले आणि मृतांचा आकडा पुढे वाढत गेला. या दोन्ही घटनांचा सौरऊर्जेशी काही संबंध नव्हता, हे स्पष्ट केले पाहिजे. पण खाली दुकान व वर घर, एकच जिना, पत्र्याचे शेड आणि बाहेर पडायला एकच वाट, अशा ज्या वास्तूंत माणसे सापडली, तशाच असंख्य वास्तूंवर आता पॅनेल चढत आहेत.

कोणाची परवानगी, कशासाठी

घरगुती ग्राहकासाठी वाट आता बरीच सुकर झाली आहे. योजनेच्या राष्ट्रीय संकेतस्थळावर नोंदणी करायची, महावितरणकडे नोंद असलेला ठेकेदार निवडायचा, संच बसवून घ्यायचा, तपासणी होऊन नेट मीटर लागला की अनुदान बँक खात्यात येते. योजनेच्या आरंभी ठरलेले अनुदान असे : पहिल्या दोन किलोवॅटसाठी प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्यासाठी १८,००० रुपये आणि एकूण कमाल ७८,००० रुपये. गृहनिर्माण संस्थांना लिफ्ट, पाण्याचा पंप अशा सामाईक वापरासाठी प्रति किलोवॅट १८,००० रुपये. केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये वीजग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती करून दहा किलोवॅटपर्यंतच्या अर्जांना तांत्रिक व्यवहार्यता तपासणीविना मान्यता देण्याची तरतूद केली. ही सवलत स्वागतार्ह आहे. मात्र वगळली गेलेली ती तपासणी रोहित्राच्या क्षमतेची होती. आगीची तपासणी तीत आधीही नव्हती आणि घरगुती अर्जासोबत अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखलाही जोडावा लागत नाही.

दुकाने, कारखाने व संस्था यांना घरगुती अनुदान नाही. त्यांच्या जोडणीसाठी महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने २०१९ साली छतावरील वीजनिर्मितीविषयी विनियम केले व २०२३ मध्ये त्यांत दुरुस्ती केली. उच्चदाब जोडणी असलेल्या कारखान्यात मोठा संच बसवायचा असेल, तर राज्य शासनाच्या विद्युत निरीक्षकांच्या तपासणीचा प्रश्न येतो. स्वयंप्रमाणन कोठवर चालते आणि निरीक्षकांची तपासणी कोठून लागते, याची मर्यादा त्या कार्यालयाकडून अर्जापूर्वीच लेखी विचारून घ्यावी. ठेकेदाराच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

आता अग्निसुरक्षेचा कायदा. ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ हा डिसेंबर २००८ पासून अमलात आहे. त्याचा गाभा एका वाक्यात सांगता येतो : इमारतीतील अग्निसुरक्षेची व्यवस्था करणे व ती चालू स्थितीत ठेवणे ही मालकाची, आणि प्रसंगी भोगवटादाराची, जबाबदारी आहे. कायद्याच्या कक्षेत येणाऱ्या इमारतींना परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून घेऊन दर जानेवारी व जुलै महिन्यात ‘नमुना ब’ मधील प्रमाणपत्र अग्निशमन अधिकाऱ्यांकडे सादर करावे लागते. हे प्रमाणपत्र पंप, नळ, होज, अग्निशामक सिलिंडर आदी यंत्रणा चालू असल्याचे असते. छतावरील डीसी तारांची जोडणी घट्ट आहे, असे ते सांगत नाही. अनेक संस्थांचे पदाधिकारी नमुना ब फाइलला लावून निश्चिंत होतात, म्हणून हे मुद्दाम लिहीत आहोत.

कोणत्या अग्निशमन दलाकडे जायचे, हाही या पट्ट्यात गोंधळाचा विषय आहे. महापालिका हद्दीत पिंपरी-चिंचवड महापालिकेचे दल, औद्योगिक विकास महामंडळाच्या क्षेत्रात महामंडळाचा अग्निशमन विभाग, त्याबाहेरील गावांत पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आणि चाकण शहरात नगरपरिषद, अशी अनेक कार्यालये शेजारी शेजारी आहेत. रस्त्याच्या एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दुसरे, अशीही स्थिती असू शकते. यावर साधा उपाय असा की, आपल्या इमारतीचा नकाशा व भोगवटा प्रमाणपत्र कोणी दिले ते पाहावे आणि तेथूनच चौकशीस प्रारंभ करावा. मूळ मंजुरीच्या वेळी अग्निशमन विभागाचा दाखला घेतलेला असेल, तर पॅनेलमुळे गच्चीचा, जिन्याचा किंवा पाण्याच्या टाकीभोवतीच्या जागेचा वापर बदलतो का, हे त्या विभागाला आराखड्यासह लेखी कळवावे. उत्तर आले तर उत्तमच. न आले तरी पोच जपून ठेवावी. गृहनिर्माण संस्थेत गच्ची सामाईक मालकीची असल्यामुळे सर्वसाधारण सभेचा ठराव अगोदर हवा, आणि त्या ठरावात पॅनेल कोठे बसणार याचा आराखडाही जोडावा.

गच्ची आणि शेड

गच्चीवर अधिकाधिक पॅनेल बसविण्याचा मोह ठेकेदाराला होतो व मालकालाही होतो. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि प्रत्येक फूट पैशाचा वाटू लागतो. परंतु खालच्या मजल्यावर आग लागली आणि जिना धुराने भरला, तर गच्ची हीच रहिवाशांची शेवटची मोकळी जागा ठरते. गच्चीचे दार पूर्ण उघडले पाहिजे. दारापासून कठड्यापर्यंत आणि पाण्याच्या टाकीपर्यंत माणूस उभ्याने चालू शकेल अशी वाट मोकळी हवी. गच्चीवरील होजचा नळ, पंप व त्यांच्या झडपा पॅनेलखाली दडलेल्या नसाव्यात. शाळेच्या इमारतीत याबाबत कोणतीही तडजोड करू नये. डीसी तारा जिन्यातून खाली आणू नयेत. त्या बाहेरच्या भिंतीवरून, धातूच्या नळीतून आणाव्यात. इन्व्हर्टर आणि असल्यास बॅटरी जिन्याखाली किंवा बाहेर पडण्याच्या वाटेवर ठेवू नये. जागेची अडचण सांगून नेमके तेथेच ठेवण्याचा आग्रह धरला जातो.

चाकण पट्ट्यातील शेडचा प्रश्न वेगळा आहे. नुसत्या पत्र्याला आग लागत नाही, पण उष्णता अडविण्यासाठी दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेली छते आता सर्रास वापरली जातात आणि हा फोम पेट घेऊ शकतो. उजेडासाठी मध्ये मध्ये बसविलेले फायबरचे पारदर्शक पत्रेही जळतात. पॅनेल व छत यांच्यामधील वीतभर पोकळीत ज्वाळा अडकतात, उष्णता पुन्हा छतावरच परावर्तित होते आणि उघड्या छतावर जी आग जागीच विझली असती, ती पसरत जाते. म्हणून पारदर्शक पत्रे व धूर बाहेर टाकणारी पंखेवजा धुराडी यांवर पॅनेल येता कामा नयेत, आणि मोठ्या छतावर पॅनेलांचे गट पाडून मध्ये रुंद पट्टे मोकळे ठेवावेत. ओतकाम, रंगकाम, लाकूडकाम चालणाऱ्या शेडांवर धुळीचा व रसायनांचा थर बसतो, तेथे साफसफाई वारंवार हवी.

ठेकेदाराशी बोलताना

स्वस्त आणि महाग संचातील फरक पॅनेलपेक्षा तारा व जोडण्यांत अधिक असतो. तार सौरसंचासाठीच बनविलेली, भारतीय मानक १७२९३ प्रमाणे असावी. साधी घरगुती तार उन्हात दोन-तीन वर्षांत तडकते. परस्परांत बसणारे दोन कनेक्टर एकाच कंपनीचे व एकाच प्रकारचे असावेत. दिसायला सारखे पण वेगळ्या बनावटीचे कनेक्टर बसतात खरे, पण आत धातूचा स्पर्श अपुरा राहतो आणि तेथेच तापायला सुरुवात होते. कनेक्टरची पिन दाबण्यासाठी स्वतंत्र अवजार असते. ते न वापरता पकडीने दाबून काम उरकणारा कामगार दिसला, तर काम तेथेच थांबवावे. तारा पत्र्याच्या धारेवर घासत नसाव्यात आणि कनेक्टर छतावर, पाण्यात लोळत नसावेत.

इन्व्हर्टरजवळ डीसीसाठीच बनविलेला स्विच हवा, आणि शक्य असल्यास असाच एक छतावर पॅनेलांजवळही हवा. अधिक खर्च करण्याची तयारी असेल, तर प्रत्येक पॅनेलपाशीच दाब उतरविणारी उपकरणे मिळतात. शाळा, वसतिगृह, रुग्णालय यांच्या बाबतीत तो खर्च आम्हांस योग्य वाटतो. संच सुरू करताना प्रत्येक साखळीची इन्सुलेशन चाचणी व अर्थिंगची चाचणी करून त्यांचे आकडे सही-शिक्क्यासह लेखी घ्यावेत. पुढील वर्षीच्या आकड्यांशी तुलना करायला हेच कागद उपयोगी पडतात. बेकर्सफील्डचा पहिला, न दिसलेला दोष अशाच चाचणीत पकडता आला असता.

देखभालीच्या करारात ठेकेदार सहसा पॅनेल धुण्याचेच लिहितो. त्यात मे महिन्याची एक तपासणी लिहून घ्यावी. पावसाळ्यात पाणी शिरण्यापूर्वी सैल व काळवंडलेल्या जोडण्या सापडतात, आणि जुलैच्या नमुना ब च्या वेळी हा अहवालही फाइलमध्ये हाताशी राहतो. भर उन्हात, संच चालू असताना उष्णता दाखविणाऱ्या कॅमेऱ्याने पाहिले की तापलेली जोडणी लगेच उठून दिसते.

आग लागलीच तर

१०१ क्रमांकावर दूरध्वनी करताना छतावर सौर पॅनेल आहेत, हे पहिल्याच वाक्यात सांगावे. एसीचा मेन स्विच बंद करावा. इन्व्हर्टरजवळ सुरक्षितपणे जाता येत असेल, तर त्याचा डीसी स्विच बंद करावा. कनेक्टर हाताने ओढून सोडविण्याचा प्रयत्न कदापि करू नये, कारण चालू प्रवाहात तो सुटताच हातातच ज्योत पेटते. पॅनेलवर पाण्याच्या बादल्या ओतू नयेत. अमेरिकेतील यूएल या चाचणी संस्थेने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १,००० व्होल्टच्या संचावर पाणी मारताना सुमारे सहा मीटर अंतर राखणे सुरक्षित मानले आहे. ते काम प्रशिक्षित जवानांचे आहे. त्याच अभ्यासात असेही आढळले की, रात्रीच्या वेळी प्रखर दिव्यांच्या झोतात किंवा आगीच्याच उजेडात पॅनेल धोकादायक दाब निर्माण करू शकतात.

जवानांना मदत होईल अशी एक गोष्ट आजच करता येते. मीटरपेटीच्या दारावर मराठीत एक फलक लावावा : छतावर सौरसंच आहे, डीसी तारा कोणत्या भिंतीवरून येतात, स्विच कोठे आहे. सोबत छताचा हाताने काढलेला साधा नकाशा असला तरी पुरे.

आग विझल्यानंतर जळलेल्या छतावर कोणीही जाऊ नये आणि मुलांना तर मुळीच जाऊ देऊ नये. अर्धवट जळालेले पॅनेल रात्री निपचित असतात. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला की तुटलेल्या तारांत पुन्हा वीज येते. ठेकेदार किंवा परवानाधारक वायरमन येऊन प्रत्येक साखळी सुटी करीपर्यंत छताच्या दाराला कुलूप घालून किल्ली एकाच जबाबदार व्यक्तीकडे ठेवावी.